खाडीतल्या पिल्लांचा हिशोब कोण करणार?

मा. संपादक,
स.न.

मी नवी मुंबईतल्या दिवाळे गावचा, घरात तीन पिढ्या खाडीवर जगल्या, मी मात्र गणिताच्या शिकवण्या घेतो. मध्यंतरी खाडीतल्या एका कामाचा पर्यावरण अहवाल वाचायला मिळाला, त्यात बोईट, निवटी, चिंबोरी, कोळंबी अशी नुसती नावं आणि खाली एक ओळ की मासळीवर फारसा परिणाम होणार नाही. हे कशावरून काढलं ते काहीच नाही, वाचून फार वाईट वाटलं.

अहो, हे मोजता येतं. समजा एक मादी आयुष्यात वीस हजार अंडी घालते आणि त्यातली दोनच पिल्लं मोठी होतात, म्हणजे आईबापाची जागा भरली, संख्या टिकली. आता पिल्लं जिथे वाढतात त्या तिवरांत गाळ भरला किंवा उन्हाळ्यात पाण्यातला ऑक्सिजन उतरला, गरम पाण्यात तो मुळातच कमी विरघळतो आणि सांडपाणी कुजताना उरलासुरला पण संपतो, आणि दोनाऐवजी एकच पिल्लू वाचलं, तरी मोठे मासे त्या वर्षी तेवढेच दिसतात, सर्व्हेवाले जाळं टाकून सगळं ठीक लिहून जातात आणि फटका कळतो दोन-तीन वर्षांनी, तोवर काम होऊन गेलेलं असतं. वयाचे गट पाडून हा हिशोब करायची पद्धत १९४५ पासून आहे, लेस्ली मॅट्रिक्स म्हणतात, एक्सेलमध्ये पण होते.

आकडे कुठून आणायचे म्हणाल तर पहिल्या महायुद्धात एड्रियाटिक समुद्रात मासेमारी घटली तेव्हा शिकारी माशांचं प्रमाण वाढलं, हे इटलीचे जीवशास्त्रज्ञ दान्कोना यांना मासळी बाजाराच्या नोंदींतूनच दिसलं, त्यावरून गणितज्ञ व्होल्टेरांनी १९२६ मध्ये शिकारी आणि भक्ष्य यांच्या संख्येची समीकरणं मांडली. आमच्याकडे बाबांच्या वह्या आहेत, कुठल्या उधाणाला काय मिळालं, जाळं कुठे आणि किती वेळ लावलं. कुठे लावलं हे फार महत्त्वाचं, कॅनडातल्या न्यूफाउंडलंडला उरलेला कॉड मासा ठराविक जागी गोळा व्हायचा, तिथे ट्रॉलर भरून यायचे म्हणून साठा मोठा धरला, शेवटी १९९२ मध्ये मासेमारी बंद करावी लागली. असल्या हिशोबाचं मॉडेल चुकतं ते असं, म्हणून एकच आकडा नको, कमीत कमी ते जास्तीत जास्त असं दोन्ही सांगा.

ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता, मिळाला, फ्लेमिंगो मोजले जातात, चांगलंच आहे. तशीच दर मोसमाला तिवरांतली पिल्लं मोजा आणि परवानगीच्या आधी तो हिशोब मराठीत कोळीवाड्यात आणून दाखवा. बाबांच्या वह्या मी द्यायला तयार आहे, गावातले अजून चार-पाच जण देतील.

– एक वाचक, दिवाळे गाव, नवी मुंबई