दोन वर्षे, तीच मुले

महोदय,
राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास समाजकार्य करणे अपेक्षित असते. त्यातले बरेच तास फेऱ्या आणि फोटोंतच जातात, याचे वाईट वाटते. आमच्या वस्तीतल्या समाजमंदिरात कॉलेजची काही मुले संध्याकाळी पालिका शाळेतल्या मुलांचा अभ्यास घेतात. हातच्याची वजाबाकी अडली की ताई काड्यांचा गठ्ठा पुढे करते. चौथीतली मुलगी स्वतः दशक सुटा करते, तेव्हा तिचा चेहरा पाहावा! पण परीक्षा आल्या की ताई-दादा येईनासे होतात आणि मुले ताटकळतात. महाविद्यालयांनी प्रत्येक स्वयंसेवकाकडे दोन-तीनच मुले पूर्ण दोन वर्षे सोपवावीत, परीक्षेच्या दिवसांत बदली स्वयंसेवक द्यावा आणि हे तास २४० तासांत धरावेत.

– एक पालक, सोलापूर