खंडू जेवतो आहे, बाबा

पुणे,
रविवार सकाळ

ती. आई-बाबांस,
शि. सा. न.

पत्र कशाला, फोन आहे की, असं आई म्हणणार. पण फोनवर खंडूचं नाव निघालं की बाबा "बरं, बरं" म्हणतात आणि फोन आईच्या हातात देतात. मग आई मला गुडघ्याचं सांगते, मी आईला पावसाचं सांगते, आणि बोलायचं ते राहूनच जातं. पाच आठवडे हेच चाललंय. म्हणून लिहायला बसले. बाबा, चष्मा लावून सावकाश वाचा आणि मधेच उठू नका.

ठरवलंय ते आधीच सांगून टाकते. गौरी-गणपतीला खंडू वाईला येणार नाही. मी येईन, त्याला इथे ठेवून. तो वसुबारसेला येईल, मी स्वतः गाडीतून आणून सोडीन. तीन आठवड्यांत परत आणते असं ओसरीवर तुमच्या हातावर हात ठेवून मी कबूल केलं होतं, ते विसरलेले नाही. शब्द मोडते आहे आणि त्याचं मला फार वाईट वाटतंय. दोन रात्री याच विचारात काढल्या. पण बाबा, ऑपरेशनचे टाके निघाले म्हणजे गुडघा बरा झाला असं नाही. वॉकर अजून हातात आहे. खंडू तुम्हाला बघितल्यावर कसा येतो ते मी सांगायला नको. आधी पायात घुटमळतो, मग अंगावर झेपावतो. अठरा किलोचं कुत्रं वॉकरमध्ये शिरलं तर तुम्ही आधी त्याला सांभाळायला वाकणार, स्वतःला नाही. त्यात गौरींची गर्दी, दारं उघडी. त्या जूनसारखं मला पुन्हा नको आहे. आईलाही नको आहे, ती बोलत नाही एवढंच.

आता त्याचं सांगते. सगळं सांगते, कारण सुरुवातीचे दिवस मी तुमच्यापासून लपवले.

निघालो त्या दिवशी बोगदा येईपर्यंत तो मागच्या काचेला नाक लावून उभा होता. घरी आल्यावर पाणी प्यायला आणि दारापाशी जाऊन बसला. संध्याकाळी दहीभात ठेवला. त्याने कडेचं थोडं दही चाटलं, मान वर करून दाराकडे बघितलं आणि भांड्यापासून बाजूला झाला. दुसऱ्या दिवशीही तेच. वरणभात, पोळीचा काला, उकडलेलं अंडं (आई, वेगळ्या पातेल्यात केलं), कशालाच तोंड लावेना. भूक नव्हती असं नाही. वास आला की तोंडाला पाणी सुटायचं, खाली फरशीवर थेंब पडायचे. तरी खाईना. मला ते बघवत नव्हतं.

तेव्हा मी तुम्हाला व्हिडिओ कॉल लावला होता, आठवतंय? तुम्ही पलंगावरून "खंड्या, जेव रे बाळा" म्हणालात. तुमचा आवाज ऐकून तो मोबाइलच्या मागे गेला. मग सोफ्याखाली बघितलं, मग न्हाणीघरात. तुम्ही कुठेच सापडला नाहीत तेव्हा दाराशी जाऊन जो रडायला लागला, तो मी फोन कापला. रेंज गेली असं तुम्हाला सांगितलं. रेंज गेली नव्हती, बाबा. माफ करा.

त्याच संध्याकाळी त्याला डॉक्टरांकडे नेलं. मोठं कुत्रं एखादा दिवस जेवलं नाही तर घाबरायचं नाही, पण दुसरा दिवसही कोरडा गेला तर दाखवायचंच, हे आता मला पाठ झालंय. त्यांनी ताप बघितला, १०१.६. कुत्र्याचं अंग आपल्यापेक्षा गरमच असतं, १०२.५ पर्यंत काळजी नसते. दात, हिरड्या बघितल्या. अंगातलं पाणी कमी झालंय का ते बघायला मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली. गोचीडतापाची शंका नको म्हणून रक्तही तपासलं. सगळं ठीक. मग त्यांनी विचारलं, घरी कसा जेवतो? मी सांगितलं की बाबा शेजारी बसल्याशिवाय जेवत नाही, बाबा उठून दारापर्यंत गेले तरी घास टाकून मागे जातो, परत येऊन बसले की लगेच जेवायला लागतो. ते म्हणाले, मग पोटात काही नाही, याला धीर नाही. मान खाली घालून खायचं म्हणजे जनावराला पाठीमागचं दिसत नाही, कोणीतरी आपलं राखण करतंय हा भरवसा लागतो. खंडूने तो भरवसा एकाच माणसावर ठेवलाय. आणि जीव घाबरला की भूक असूनही घास उतरत नाही.

हे ऐकलं आणि मला चौथीच्या स्कॉलरशिपची सकाळ आठवली. आईने केलेले पोहे तसेच राहिले होते. तुम्ही ऑफिसला उशिरा जातो म्हणालात, सायकलवर डबा घेऊन शाळेपर्यंत आलात, आणि दोन पेपरांच्या मधल्या सुट्टीत कडुलिंबाखाली बसून मला ते गार पोहे भरवलेत. मी जेवत होते तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता, फाटकाकडे बघत होता. पण तिथे होता. म्हणून खंडूचं मला लगेच कळलं.

मग मी काय केलं ते नीट वाचा, कारण पुढे तुम्हालाही करायचंय. आपल्या शहाबादीवर वाढलेला तो, इथल्या गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय सरकायचे. म्हणून खाली गोणपाट टाकलं. स्टीलच्या वाटग्याचा आवाज त्याला नको होता, म्हणून आईकडून त्याचं चेपलेलं जर्मनचं भांडं मागवलं. चटणीच्या डब्याबरोबर ते का मागवलं, आता कळलं ना आई? अन्न जरा कोमट करून द्यायचं, वास चढतो. आणि बाबांची निळी बंडी. हॉस्पिटलला निघताना खुंटीवर राहिलेली, ती मी पिशवीत घालून आणली होती, तुम्हाला न सांगता. ती गोणपाटाशेजारी अंथरली, तिच्या पलीकडे मी माझं ताट घेऊन बसले, त्याच्याकडे पाठ करून. "जेव जेव" नाही, कुरवाळणं नाही. अर्ध्या तासाने मागे पचपच आवाज आला. मान न वळवता डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. त्याने एक घास तोंडात धरला, बंडीपाशी नेला, तिथे खाली ठेवला, आणि मग खाल्ला. पुन्हा भांड्याकडे, पुन्हा बंडीकडे. अकरा फेऱ्या केल्या. मी मोजल्या. माझा भात तसाच राहिला होता.

त्यानंतर फरश्या मोजल्या. त्याच्या भांड्यापासून गॅलरीच्या दारापर्यंत चौदा फरश्या आहेत. दोन दिवस एका फरशीवर बसायचं, मग एक मागे. सातव्या फरशीला गाडं अडलं, तर पुन्हा पाचवीवर आले, चार दिवस तिथेच थांबले. घाई केली की सगळं पाण्यात, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. उठून आत जायचं ते गाजावाजा न करता, यायचंही तसंच. भांडं वीस मिनिटं ठेवायचं, खाल्लं नाही तर मुकाट्याने उचलायचं आणि पुढच्या वेळेलाच द्यायचं. पहिल्यांदा उचललं तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. पण संध्याकाळी त्याने खाल्लं. सध्या मी बाराव्या फरशीवर असते. आणि परवा तुमच्या जावयांनी वाढलं, मी घरातच नव्हते. मोबाइल लावून ठेवला होता, त्यात बघितलं: चार-पाच वेळा मान वर केली, बंडी हुंगली, आणि सगळं संपवलं. भांडं ढकलत ढकलत भिंतीपर्यंत नेलं, घरी नेतो तसंच. वजन सतरा-सहाशेपर्यंत उतरलं होतं, ते आता पावणेएकोणीस आहे.

बाबा, हे वाचून तुमच्या मनात काय येईल ते मला माहीत आहे. तो तुम्हाला विसरलेला नाही. अजूनही सकाळी सहाला, तुमच्या दूध आणायला जायच्या वेळेला, दाराशी उभा राहतो. मी त्याला तुमच्यापासून तोडत नाहीये. आणि तुमचं काही चुकलं असंही मी म्हणत नाही. चंपाषष्ठीच्या त्या रात्री मुठीएवढ्या जिवाला तुम्ही बोटाने दूध चाटवलं नसतं तर तो राहिलाच नसता. पुढे तो मोठा झाला तरी तुमचं भरवणं सुटलं नाही. आई म्हणायची, आमच्या घरी नामदेव आहेत, तुपाची वाटी घेऊन मागे धावतात. त्याला वाटलं, जेवण म्हणजे बाबांचा हात. पण डावा गुडघाही पुढच्या वर्षी करायचा आहे ना? डोळ्याचं राहिलंय. तुम्हाला दोन दिवस कुठे राहावं लागलं तर हा मागे उपाशी, आणि तिथे तुमच्या घशाखाली घास उतरणार नाही. या वेळी हॉस्पिटलात तेच झालं. तुम्ही आईला रोज पहिला प्रश्न कुठला विचारत होता, ते तिने मला सांगितलंय. माझं एवढंच म्हणणं आहे की तुम्ही निश्चिंत असावं आणि तोही. यापेक्षा जास्त मी काही मनात आणलेलं नाही, आणि तुम्हीही आणू नका.

आता सूचना. चिडायचं नाही.

बाबा, गुडघ्याखाली उशी घ्यायची नाही. बरं वाटतं म्हणून आई ठेवते, पण त्याने गुडघा सरळ व्हायचा राहतो. घ्यायचीच तर टाचेखाली. पावलं वरखाली करायचा व्यायाम दर तासाला, टीव्ही बघत केला तरी चालेल. पाटावर बसायचं नाही, पूजेलासुद्धा. देव खुर्चीवरच्याचीही पूजा घेतो. न्हाणीघरापुढचं पायपुसणं आजच उचला, आणि रात्रीचा दिवा मालवू नका, बिल मी भरते. आई, तुझी बीपीची गोळी सकाळी नाश्त्यानंतर, त्यांचं सगळं आवरून झाल्यावर नाही. आणि बाबांना वाढून तू नंतर एकटी जेवतेस ते बंद कर. दोघांनी बरोबर बसा. तू सांगत होतीस, बाबा चतकोर भाकरी ताटात ठेवून उठतात. ती त्यांनी वर्षानुवर्षं खंडूसाठी ठेवलेली आहे, हात आपोआप थांबतो. बाबा, वसुबारसेपर्यंत ती चतकोर तुम्ही खायची. ताकद लागणार आहे.

खंडू आल्यावर: सकाळचं तू वाढायचं आई, संध्याकाळचं बाबांनी. बाबांनी खुर्चीवर बसायचं, खाली नाही, आणि पेपर वाचायचा. हळूहळू खुर्ची ओसरीकडे न्यायची, ते मी आल्यावर खडूने खुणा करून देईन. बशीतला चहा आणि ग्लुकोजची बिस्किटं बंद. त्याच्या भाताला कांद्या-लसणाची फोडणी अजिबात नको, त्याने त्यांचं रक्त कमी होतं. प्रसादातले मनुकेही नकोत, मूत्रपिंडाला घातक असतात. थंडी पडली की गोणपाटाखाली जुनी सतरंजी टाका, ती माळ्यावर आहे, पण बाबांनी चढायचं नाही.

त्याची काळजी करू नका. रात्री माझ्या पलंगाजवळ झोपतो, पंखा त्याला एक नंबरवर लागतो. रोज संध्याकाळी टेकडीवर नेते. तिथे पावसाने गवत वाढलंय, तो त्यात कानांपर्यंत बुडतो आणि बाहेर येऊन अंग झाडतो.

एक काम आहे. पाच आठवड्यांत बंडीचा वास गेलाय, परवा तो ती हुंगून माझ्याकडे बघत राहिला. शेजारचे काका गुरुवारच्या एसटीने येणार आहेत ना, त्यांच्याबरोबर दुसरी एक पाठव. बाबांनी दोन दिवस अंगात घातलेली. आई, धुऊ नकोस.

तुमची,
मनू