अंधारखोलीच्या नोंदवह्या जपणाऱ्या मामांना

आदरणीय मामा,

सादर नमस्कार.

आपल्या ऑप्टोमेट्री (डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढण्याच्या विद्येच्या) महाविद्यालयाचा इतिहास लिहिण्याचे काम माजी विद्यार्थिनी म्हणून माझ्याकडे आले, तेव्हा कार्यालयातून मला उद्घाटनांची छायाचित्रे, इमारतीचे नकाशे आणि शुल्काच्या पावत्यांचे गठ्ठे मिळाले. दोन खोल्यांच्या जागी मजले कधी चढले, हे त्यांवरून कळत होते; आम्ही डोळे तपासायला कसे शिकलो, याचा मात्र त्यांत मागमूस नव्हता. मग तुम्ही लालबागच्या तुमच्या खोलीतल्या माळ्यावरून पत्र्याची पेटी खाली काढलीत. तिच्यातल्या नोंदवह्यांबद्दल तुमचे आभार मानावेत आणि ते सर्व माजी विद्यार्थ्यांच्या समक्ष मानावेत, म्हणून हे पत्र.

२६ जुलै २००५ च्या पावसात हिंदमाता परिसराबरोबर आपला तळमजलाही पाण्यात गेला होता. भिजलेले कागद रद्दीत काढायचे ठरले, तेव्हा तुम्ही रीतसर परवानगी घेऊन या वह्या घरी नेल्यात आणि चाळीच्या गॅलरीत एकेक पान उलटून वाळवल्यात. काही पानांवरची शाई फुटली आहे, पण अक्षर वाचता येते.

आमच्या वेळी घरोघरी एकच प्रश्न होता: ‘म्हणजे चष्म्याच्या दुकानात बसणार का?’ तो विचारणाऱ्यांचा दोष नव्हता. आपल्या देशात या विषयाच्या संस्था १९५८ मध्ये अलीगढ आणि सीतापूर येथील नेत्र रुग्णालयांत सुरू झाल्या, त्याही पदविकेपुरत्या. चार वर्षांची पदवी १९८५ मध्ये चेन्नईच्या एलिट स्कूल ऑफ ऑप्टोमेट्रीत आली. आपले महाविद्यालय त्यानंतरचे. पदविकेपासून सुरुवात करून पदवीपर्यंत आणि पुढे कॉन्टॅक्ट लेन्स व अल्पदृष्टीच्या स्वतंत्र विभागांपर्यंत पोचलेले. संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग नेमणारा कायदा २०२१ मध्ये झाला आणि त्याच्या यादीत ऑप्टोमेट्रिस्ट आला. आरोग्यसेवा व्यावसायिकाच्या पदवीचे शिक्षण किमान ३,६०० तासांचे असावे, असे त्यात म्हटले आहे. ते वाचताना मला तुमची वही आठवली, कारण अंधारखोलीत कोण किती तास बसला याचा हिशेब तुम्ही कुणी न सांगता फार आधीपासून ठेवत होतात.

ती अंधारखोली आणि तुमची सुतळी कोणता विद्यार्थी विसरेल? रेटिनोस्कोपचा, म्हणजे डोळ्यात प्रकाश टाकून नंबर काढायच्या उपकरणाचा, प्रकाश बाहुलीवरून फिरवायचा, आतली लाल झाक प्रकाशाबरोबर सरकते की उलट ते पाहायचे, ती हलेनाशी होईपर्यंत भिंगे बदलायची आणि आलेल्या आकड्यातून आपल्या अंतराचे भिंग वजा करायचे. अंतर ६७ सेंटिमीटर असेल तर दीड डायॉप्टर (भिंगाची शक्ती मोजायचे एकक). आम्ही नकळत पुढे झुकायचो आणि उत्तर चुकायचे. तुम्ही बरोबर ६७ सेंटिमीटरची सुतळी कापून तिचे एक टोक ट्रायल फ्रेमला, म्हणजे तपासणीची भिंगे बसवायच्या चौकटीला, बांधलेत आणि दुसरे आमच्या हातात दिलेत. महिनाभरात सुतळी सुटली, पण आजही रुग्णासमोर बसताना माझा हात आपोआप तेवढ्याच अंतरावर थांबतो.

तक्ता ६ मीटरवरून वाचून घ्यायचा असतो, आणि मुंबईतल्या खोलीत तेवढी जागा कुठून आणणार? महाविद्यालयात आम्ही आरसा लावून, उलट्या अक्षरांचा तक्ता ३ मीटरवरून दाखवत असू. शिबिरासाठी तुम्ही आम्हांला तुमच्या चाळीत नेलेत, तेव्हा मात्र गॅलरीच्या एका टोकाला तक्ता टांगून दुसऱ्या टोकाला खुर्ची मांडता आली. शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवल्यामुळे तासभर त्या गॅलरीतून कुणी ये-जा केली नाही. ज्यांना अक्षरओळख नव्हती, त्यांना तुम्ही आधी स्वतःच्या हाताची तीन बोटे फिरवून तक्त्यावरच्या इंग्रजी ‘ई’ची (E) दिशा दाखवायला शिकवत होतात, त्यामुळे एकाही आजीला आमच्यासमोर संकोचावे लागले नाही.

वहीत रुग्णांची नावे नाहीत. वय, व्यवसाय, विद्यार्थ्याने काढलेला नंबर, सरांनी काढलेला नंबर आणि दोहोंतला फरक एवढे आहे. शेवटचा रकाना तुम्ही स्वतः आखलेला: ‘परत आले का?’ शिंपीकाम करणाऱ्या बाई, बेस्टचे चालक, मासळी विकणाऱ्या मावश्या यांच्यापुढे तुमची छोटीशी खूण आहे. ज्यांना नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले, त्यांच्यापुढे लाल शाईचा ठिपका आहे. असाच एक ठिपका सहा वर्षांच्या मुलापुढे आहे. त्याचा एक डोळा आळशी, म्हणजे नजर कमी असलेला, होता आणि घरात कुणाला त्याची कल्पना नव्हती. चांगल्या डोळ्यावर पट्टी लावण्याचे उपचार सुरू झाले, आणि पुढे त्याच्या नोंदीसमोर एकाखाली एक सात खुणा आहेत. तो यावा म्हणून तुम्ही दर वेळी त्याच्या घरी जाऊन आठवण करून देत होतात, हे मला त्याच्या आईकडून फार नंतर कळले. मला विचाराल तर आपल्या महाविद्यालयाच्या वाढीचा सर्वांत खरा दाखला हा रकाना आहे, आणि म्हणून पुस्तिकेतले सर्वांत मोठे प्रकरण मी त्यावर लिहिले आहे.

पहिल्या वहीचे पहिले पान मात्र मला परवाच नीट उलगडले. वय ३४, व्यवसाय शिपाई, आणि त्यापुढे पहिल्या तुकडीच्या आठही विद्यार्थ्यांनी एकाच दिवशी काढलेले आठ वेगवेगळे नंबर. मामा, ते डोळे तुमचे होते. त्या दिवशी किती वेळ तो प्रकाश डोळ्यांवर घेत बसला असाल, याचा अंदाज मी आज करू शकते.

ते पान पुस्तिकेच्या आरंभी छापावे असे सर्वांच्या मनात आहे. मात्र त्याखाली तुमचे नाव द्यायचे की नाही, हे तुम्हीच सांगायचे आहे. तुमचा निरोप येईपर्यंत ती ओळ कोरी ठेवली आहे.

तुमची विद्यार्थिनी,
दुसरी तुकडी