सही

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

यूएपीएखाली पकडलेल्याचं वकीलपत्र तू घेणार, यावरून रविवारी आपलं वाजलं आणि तू फोन कट केलास, त्याला आज चार दिवस झाले. "बाबा, आधी कायदा वाचा, मग बोला," हे तुझं शेवटचं वाक्य.

वाचला. दोनदा वाचला. यूएपीए, म्हणजे हा दहशतवादविरोधी कायदा, त्याचं कलम ४३ड, पोटकलम ५. आरोप प्रथमदर्शनी खरा वाटला की जामीन नाही, आणि तो खरा वाटतो का हे ठरवायला कोर्टापुढे कागद पोलिसांचेच. आरोपपत्राला १८० दिवसांपर्यंत मुदत. तुझ्याशी भांडायला एखादा मुद्दा सापडेल म्हणून वाचायला बसलो, तर भीतीच दुप्पट झाली. वकालतनाम्यावर सही करू नकोस, एवढं वाक्य या पत्रात येऊ द्यायचं नाही असं ठरवलं होतं. आलंच.

एक कबुली देतो. मुंबईवरच्या हल्ल्यानंतर महिनाभराच्या आत, डिसेंबर २००८ मध्ये, हे कलम संसदेत मंजूर झालं. तेव्हा पेपर खाली ठेवून "आता कसं!" म्हणणारा मीच होतो. तू चौथीत होतीस. दहशतवादाविरुद्धचे आधीचे दोन कायदे, त्यातला टाडा १९९५ साली संपला, पोटा २००४ साली रद्द झाला, त्यांतली बरीचशी कलमं गुपचूप इकडे मुक्कामाला आली. स्फोट करणाऱ्यांसाठी आहे, आपल्याला काय, असं वाटलं. पुढे याच कायद्याखाली पकडलेल्या, आदिवासींसाठी काम करणाऱ्या, पार्किन्सन्सने हात थरथरणाऱ्या फादर स्टॅन स्वामींनी तुरुंगात पाणी प्यायला स्ट्रॉ मागितल्याची बातमी आली. जुलै २०२१ मध्ये ते कोठडीतच गेले, वयाच्या ८४ व्या वर्षी. खटला उभाही राहिला नव्हता. त्या दिवशी मी वर्गात काय शिकवलं, आठवत नाही.

तुझ्या अण्णा-आजोबांना आणीबाणीत मिसाखाली, म्हणजे खटल्याविना डांबायच्या कायद्याखाली नेलं तेव्हा मीही चौथीतच होतो. पहाट होती. त्यांना चष्मा सापडेना, आणि आलेला हवालदार बिचारा आमच्याबरोबर पलंगाखाली वाकून शोधत होता. येरवड्याहून पत्रं यायची, त्यातल्या ओळी काळ्या शाईने पुसलेल्या. मी ती कंदिलासमोर धरून पाहायचो. काही दिसायचं नाही. एप्रिल १९७६ मध्ये सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एकने सांगून टाकलं की, आणीबाणी असेपर्यंत अशा अटकेविरुद्ध दादच मागता येणार नाही. तो एक म्हणजे कपाटाच्या दाराआतल्या कात्रणातले न्या. खन्ना. पुढे सरन्यायाधीशपदाला त्यांना डावललं. तो निकाल चूक होता, हे कोर्टाने २०१७ साली म्हटलं. अण्णा तोवर कुठले राहायला!

सुटायचं तर हमीपत्रावर सही, असं तेव्हा चाललं होतं. माईला लिहिता येत नव्हतं. पोस्टकार्ड मी लिहिलं, गोल अक्षरात: "सही करा आणि घरी या." अण्णा मार्च १९७७ ला आले, सही न करता. तोवर दुकान बसलं होतं. त्या कार्डाचा विषय त्यांनी कधी काढला नाही. फेकलंही नाही. ते गेल्यावर ट्रंकेत सापडलं, हे तुझ्या आईलासुद्धा मी सांगितलेलं नाही.

तरी आणीबाणी निदान जाहीर झाली होती. ती कधीतरी उठेल, म्हणून माई वाट पाहू शकली. तुझ्या अशिलाच्या आईने कशाची वाट पाहायची, हे मला रात्री सुचतं आणि मग झोप लागत नाही.

तू मात्र जपून. अटकेची कारणं लेखी द्यावीच लागतात, २०२४ चा निकाल आहे, ते आधी तपास. फोनवर केसबद्दल बोलू नकोस. ग्रुपवर काहीही पुढे ढकलू नकोस. बघ, गणिताचा मास्तर वकिलाला कलमं शिकवतोय. चिडू नकोस, सोडून दे.

तुझ्या सिनिअर बाई भेटल्या होत्या तेव्हा म्हणाल्या, "मुलगी कागद बारकाईने वाचते." मी हे शाळेत तिघांना तरी ऐकवलंय.

सही करायच्या आधी मला सांगू नकोस. झाल्यावर सांग.

तुझा,
बाबा

ता. क. कागदावर पहिलं नाव सिनिअरचंच असतं ना?