सामायिक खातेदारांची मदत संमतीपत्रापाशी अडते

संपादक महोदय,
स. न.

पुरंदर तालुक्यातील आमच्या वडिलोपार्जित जमिनीच्या सातबाऱ्यावर सात नावे आहेत. त्यांतील दोघे आता हयात नाहीत, दोघी बहिणी सासरी असतात, चुलतभाऊ मुंबईला आणि मी नोकरीनिमित्त पुण्यात. जमीन प्रत्यक्षात कसतो तो एकटा धाकटा भाऊ. गेल्या पावसाळ्यात तीस गुंठे अंजिराच्या बागेत पाणी साचून पानगळ झाली, तेव्हा रीतसर पंचनामा झाला आणि सरकारी मदतीच्या यादीत नावही आले. पैसे मात्र अद्याप आलेले नाहीत, कारण रक्कम एकाच्याच खात्यावर जमा करण्यास सर्व खातेदारांची संमतीपत्रे हवीत, आणि मृतांच्या वारसांची नोंद अजून व्हायची आहे.

पिकाचे ३३ टक्के किंवा त्याहून अधिक नुकसान झाले तर आपत्ती निधीच्या निकषांप्रमाणे कोरडवाहू पिकांना हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकांना २२,५०० रुपये मिळतात. या हिशेबाने आमच्या बागेचे ६,७५० रुपये होतात. एवढ्या रकमेसाठी बहिणींनी आपापल्या गावाहून येऊन सह्या करायच्या, चुलतभावाने रजा काढायची आणि भावाने तालुक्याला खेपा घालायच्या, हे कोणत्याही घराला परवडणारे नाही. नाइलाजाने अनेक जण हा नाद सोडून देतात, आणि ती रक्कम कागदोपत्री मंजूर असूनही तशीच पडून राहते.

२०२५ च्या ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारने मदतीची मर्यादा दोनवरून तीन हेक्टर केली, हे स्वागतार्हच आहे. परंतु ज्याचा वाटा गुंठ्यांत मोजला जातो, त्याला या वाढीचा उपयोग नाही. त्याची अडचण क्षेत्राची नसून कागदाची आहे.

संमती घ्यायचीच असेल तर ती पंचनाम्याच्या वेळीच घ्यावी. त्या वेळी ग्राम महसूल अधिकारी (तलाठी), सहायक कृषी अधिकारी आणि ग्रामपंचायत अधिकारी (ग्रामसेवक) बांधावर आलेले असतात, जमीन कोण कसतो हे शेजारचा प्रत्येक शेतकरी सांगू शकतो, आणि ई-पीक पाहणीतही पीक कोणी लावले याची नोंद असते. अशा वहिवाटदाराचे नाव चावडीवर लावून ठरावीक मुदतीत हरकती मागवाव्यात आणि हरकत न आल्यास मदत त्याच्याच खात्यावर जमा करावी. वारस नोंद ही मालकीची बाब आहे; बुडालेल्या हंगामाच्या मदतीसाठी तिची वाट पाहायला लावणे मला अन्यायाचे वाटते. तसेच ज्यांची रक्कम थांबली आहे, त्यांच्या नावापुढे ती का थांबली हेही त्याच यादीत लिहावे. आज कारण विचारायला गेलेल्या म्हाताऱ्या माणसाला, अंगठ्याचा ठसा उमटत नाही म्हणून केवायसी झाली नाही, एवढे कळण्यासाठीसुद्धा चार ठिकाणी पाठवले जाते.

मी माझ्या संमतीपत्रावर पहिल्याच आठवड्यात सही करून दिली. भावाने बागेची छाटणी, शेणखत आणि फवारणी उधारीवर उरकली असून त्या उधारीवर व्याज चढत आहे.

— एक सामायिक खातेदार, कोथरूड, पुणे