रेल्वेमंत्र्यांना खुले पत्र: भूकंपात गाडी थांबेल, पण पुढे?

माननीय रेल्वेमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,

मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी २८ भूकंपमापक ठरले आहेत. २२ मार्गालगत, उरलेले खेड, रत्नागिरी, लातूर, पांगरी, अडेसर आणि जुने भुज येथे. भूकंपाची चाहूल लागताच वीज तोडून गाडी थांबवणारी ही जपानी व्यवस्था काम करते, याबद्दल वाद नाही. ११ मार्च २०११ रोजी जपानमधल्या तोहोकूच्या समुद्रात ९.० तीव्रतेचा भूकंप झाला. किनाऱ्यावरच्या मापकाने ओव्हरहेड तारांची वीज तोडली आणि सर्वांत जोराचा हादरा येण्याच्या सुमारे ७० सेकंद आधी शिंकान्सेनला (जपानच्या बुलेट ट्रेनला) ब्रेक लागले. घसरली ती सेंडाईजवळची चाचणीची गाडी तेवढी, तिच्यात प्रवासी नव्हते.

पण भूकंपाचे केंद्र दूर समुद्रात होते म्हणून ही ७० सेकंद हाती आली. डहाणू–तलासरी पट्ट्यात नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची मालिका सुरू झाली. धक्के लहान आहेत, हे मान्य. तरी केंद्र रुळांपासून २० किलोमीटरवर असेल तर पहिली सौम्य लहर आणि मागची विध्वंसक लहर यांत जेमतेम दोन-तीन सेकंदांचे अंतर पडते. तेवढ्यात वीज तुटेल, वेग तुटणार नाही. २००४ मध्ये जपानमध्येच नीगाताजवळ असेच घडले. सुमारे २०० किमी वेगातली शिंकान्सेन घसरली आणि तशीच जवळपास १.६ किमी जाऊन थांबली. सुदैवाने कुणी दगावले नाही. त्यानंतर जपानने घसरलेला डबा रुळांपासून फार दूर जाऊ नये म्हणून चाकांच्या ॲक्सलबॉक्सखाली (आसाच्या टोकाच्या पेटीखाली) एल आकाराचे अडसर बसवले. आपल्या गाड्यांत किंवा रुळांत यासाठी काय असेल, ते जाहीर करावे.

दुसरी गोष्ट खांबांची. १९९५ च्या कोबे भूकंपानंतर व्हायाडक्टच्या (रूळ वाहणाऱ्या लांब, उंच पुलाच्या) स्तंभांना पोलादी आवरणे घालायला सुरुवात झाली होती, म्हणून २०११ मध्ये पूल बहुतांश टिकले. मार खाल्ला तो ओव्हरहेड तारांच्या काँक्रीटच्या खांबांनी; शेकड्यांनी वाकले, तडकले. व्हायाडक्ट डोलतो त्याच्या लयीशी वरच्या खांबाची लय जुळली की खांबाच्या बुडाशी ताण कित्येक पट होतो. तोहोकू मार्ग पूर्ण सुरू व्हायला २९ एप्रिल उजाडला. आपला मार्गही बहुतांश व्हायाडक्टवर आहे. स्तंभांची तपासणी वेगळी आणि खांबांची वेगळी, असे न करता दोन्ही एकत्र तपासायला हवेत.

आता त्सुनामी, आणि इथे प्रश्न बुलेट ट्रेनपेक्षा जुन्या मार्गांचा अधिक आहे. १९४५ मध्ये आजच्या पाकिस्तानच्या मकरान किनाऱ्याजवळ झालेल्या भूकंपाच्या लाटा मुंबईपर्यंत आल्या होत्या. वैतरणा–सफाळे भागात रूळ खाडीच्या पाण्यालगत भरावावरून आणि पुलांवरून जातात. लाट गर्डरखाली (पुलाच्या आडव्या तुळईखाली) शिरली की अडकलेल्या हवेसकट तो वर उचलते. भराव ओलांडून पलीकडे पडणारे पाणी त्याचा पायथा पोखरते, आणि परतणारे पाणी उरलेले काम करते.

श्रीलंकेत पेरालिया येथे २००४ मध्ये पहिल्या लाटेने गाडी थांबली. आसरा म्हणून लोक तिच्याच डब्यांत चढले. नंतरच्या मोठ्या लाटेने डबे उलटवले आणि हजाराहून अधिक माणसे गेली. गाडी थांबवण्यासाठी आधीच्या स्थानकाला लावलेला फोन वेळेत उचलला गेला नव्हता. म्हणून हैदराबादच्या इन्कॉइसचा (त्सुनामीचा इशारा देणाऱ्या सरकारी केंद्राचा) इशारा मध्ये कुणाच्याही टेबलावर न थांबता थेट विभागीय कंट्रोलच्या पटलावर यावा.

२०११ च्या त्सुनामीत जपानमध्ये नोबिरूजवळ दोन गाड्या अडकल्या. एक उंचवट्यावर थांबली, प्रवासी आत बसून राहिले आणि वाचले. दुसरीतले प्रवासी नियमाप्रमाणे शाळेच्या व्यायामशाळेत गेले, तिथे पाणी शिरले. त्यामुळे ‘उतरा’ किंवा ‘बसून राहा’ असा सरसकट आदेश चालणार नाही. लोको पायलट आणि गार्ड (आताचे ट्रेन मॅनेजर) यांच्या हाती किलोमीटरवार तक्ता हवा: इथे थांबा, इथून गाडी पुढे न्या, इथे उतरून पूर्वेकडे चला, जवळची उंच जागा अमुक मीटरवर. रात्री, वीज नसताना, भरल्या लोकलमधून खडीवर उतरायला किती शिड्या आणि किती मिनिटे लागतात, हे मोजूनच तो करावा. सुरुवात विरार–डहाणूपासून व्हावी.

आपले,
रेल्वे अभियंत्यांचा एक गट