व्यसनोपचार म्हणजे त्याग नव्हे

रुग्णालयातील नोकरी सांभाळून व्यसनोपचाराचे प्रशिक्षण घेणाऱ्या फिजिशियनवरील लेख रविवारच्या पुरवणीत वाचला. लेख उत्तम आहे, पण त्यांच्या निवडीला ‘त्याग’ म्हटलेले खटकले. हृदयरोगतज्ज्ञाला आपण त्यागी म्हणत नाही! नियमित मद्यपान करणारा रुग्ण हाड मोडून किंवा न्यूमोनियामुळे दाखल होतो आणि त्याची दारू एकदम थांबते. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, तर साधारण दोन ते चार दिवसांत भास आणि भ्रम सुरू होऊन जिवावर बेतू शकते. त्या वेळी जवळ असतो तो वॉर्डातला डॉक्टर. समुपदेशक किंवा व्यसनमुक्ती केंद्र नव्हे. अफूजन्य पदार्थांच्या व्यसनावरील मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही औषधे जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत 2005 पासून आहेत. ती कधी आणि किती द्यायची, हे शिकावेच लागते. अमेरिकेत 2016 मध्ये या विषयाला स्वतंत्र उपशाखेची मान्यता मिळाली, तीही केवळ मानसोपचारतज्ज्ञांपुरती नाही. म्हणून मेडिसिनच्या प्रत्येक निवासी डॉक्टरला या विषयात काही आठवडे तरी सक्तीने काम करायला लावावे. एखाद्याच्या आवडीवर ते सोडू नये.

– एक वाचक